सायटेशन किती, आणि कशासाठी?

वैद्यकीय संशोधकाची निवड असो, बढती असो की निधी, समितीपुढच्या कागदांत तीन आकडे हमखास असतात: शोधनिबंध किती, सायटेशन्स किती आणि एच-इंडेक्स किती. सायटेशन म्हणजे नंतरच्या एखाद्या निबंधाने आपल्या संदर्भयादीत या कामाचा केलेला उल्लेख. एच-इंडेक्स ही मोजणी भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली सुचवली. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन्स आहेत, पण २१ निबंधांना प्रत्येकी २१ नाहीत, त्याचा एच-इंडेक्स २०. कल्पना विचारपूर्वक बांधलेली आहे. एकच निबंध गाजला म्हणून आकडा फुगत नाही आणि कोणी न वाचलेल्या निबंधांचा ढीगही कामी येत नाही. पण आयुष्यात पाचच निबंध लिहिणाऱ्याचा एच-इंडेक्स पाचाच्या वर जाऊच शकत नाही, मग त्या प्रत्येकाने एकेका रोगाचा उपचार का बदललेला असेना.

कोलकात्याचे विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कॉलऱ्याच्या जिवाणूवर बोट ठेवलं होतं. तरी तो रुग्णाच्या शरीरातलं पाणी नेमकं कसं काढून घेतो, हे पुढची कित्येक दशकं कळलेलं नव्हतं. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा भाग दोन्हीकडून बांधला आणि ज्यात जिवाणू वाढवले होते तो द्राव, जिवाणू गाळून काढून, त्यात सोडला. त्या द्रावात एकही जिवाणू नव्हता, तरी बांधलेला भाग पाण्याने टम्म फुगला. म्हणजे करामत जिवाणू बाहेर सोडतो त्या विषाची होती आणि ते विष आतड्यातच काम करत होतं. १९५९ मध्ये हा छोटेखानी निबंध ‘नेचर’मध्ये आला. आज कॉलऱ्याच्या संशोधनातला तो मैलाचा दगड मानला जातो, पण सुरुवातीची वर्षं त्याची फारशी दखलच घेतली गेली नाही. त्या काळात कोणी डे यांची सायटेशन्स मोजली असती, तर हाती काय लागलं असतं? ही उपेक्षा नोंदवणाऱ्यांत यूजीन गारफिल्ड होते. १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू करणारे, म्हणजे ही मोजणी जगाला देणारे हेच. त्यांनी १९८६ मध्ये डे यांच्या कामावर स्वतंत्र लेख लिहिला. डे त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते.

उलट बाजू अधिक काळजीची आहे. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आहे, असं त्यात होतं. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राच्या सायटेशन्सची छाननी प्रसिद्ध झाली. एकूण ६०८ उल्लेख सापडले. त्यातल्या ४३९ लेखांनी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते पत्र वापरलं होतं, आणि ४९१ लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने जो हाहाकार माजला, त्याला या बेफिकीर उल्लेखांनी हातभार लावला, असं छाननी करणाऱ्यांनी लिहिलं. सायटेशन्स मोजणाऱ्या यंत्रणेत मात्र हे सहाशे उल्लेख त्या पत्राच्या खात्यावर जमाच.

म्हणून वैद्यकीय संशोधकाचं काम पाहताना आकड्याच्या मागे जावंच लागतं. दुर्मीळ आजारावर काम करणाऱ्याला वाचकच थोडे. आढावा घेणाऱ्या लेखांना बहुधा मूळ प्रयोगापेक्षा जास्त सायटेशन्स मिळतात. मोठ्या औषधचाचणीच्या निबंधावर कधी शेकडो नावं असतात. त्यात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, मधल्यांचा वाटा कळणं कठीण. स्वतःच स्वतःला केलेली सायटेशन्स वेगळी काढून पाहावी लागतात.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने २०१५ मध्ये निधीच्या अर्जातला परिचयाचा नमुना बदलला. आपली जास्तीत जास्त पाच योगदानं निवडायची, त्यांनी विज्ञानात काय बदललं आणि त्यात आपला वाटा कोणता हे शब्दांत लिहायचं, आणि प्रत्येकापुढे चारपर्यंत निबंध द्यायचे. असा अर्ज तपासायला वेळ लागतो, विषय कळणारा माणूसही लागतो. माझ्या मते तो खर्च करायलाच हवा.