‘तीनशे तेराचा जबाब’ म्हणजे साक्ष नव्हे

पोलिसांपुढचा जबाब वेगळा आणि आरोप वाचून दाखवल्यावर ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणणे वेगळे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. घोळ होतो तो सरकार पक्षाचे साक्षीदार संपल्यावर. तेव्हा न्यायाधीश स्वतः आरोपीला प्रश्न विचारतात. फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम 351 आहे. 1 जुलै 2024 पूर्वी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, ते 313 होते, म्हणून कोर्टात अजूनही ‘तीनशे तेरा’च ऐकू येते. इथे शपथ नसते, उलटतपास नसतो. गप्प राहिले किंवा खोटे उत्तर दिले, तरी त्याबद्दल शिक्षा होत नाही.

कलम 353 ची (जुन्या 315 ची) गोष्ट निराळी. तिथे आरोपी स्वतः लेखी विनंती करून बचावाचा साक्षीदार होतो, शपथ घेतो आणि सरकारी वकिलाच्या उलटतपासाला सामोरा जातो. खोटे बोलला तर खोट्या साक्षीचा गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद. ही विनंती केलीच नाही, तर ‘आरोपी पिंजऱ्यात का आला नाही’ अशी टिप्पणी करायला कायद्याने मनाई आहे.

खरी ठेच लागते ती इथे: 351 ची उत्तरे न्यायालय विचारात घेते, पण ती पुरावा नसतात. चेकच्या खटल्यात हे फार महागात पडते. चेक न वटल्याच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 च्या प्रकरणात चेकवरची सही मान्य असली की तो देणे फेडण्यासाठीच दिला, असे कायदा गृहीत धरतो. ‘चेक फक्त तारण म्हणून दिला होता’ हे वाक्य नुसते 351 च्या जबाबात लिहून ते गृहीतक मोडत नाही. फिर्यादीच्या उलटतपासातून, कागदपत्रांतून किंवा स्वतः शपथेवर सांगून ते मोडावे लागते. ‘जबाबात सगळे सांगितले आहे’ म्हणून बचावाचा पुरावा बंद करणे ही घोडचूक आहे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. शिक्षा नाही म्हणजे नुकसान नाही, असे अजिबात नाही. परिस्थितीजन्य पुराव्याच्या खटल्यात, म्हणजे प्रत्यक्षदर्शी नसताना जुळणाऱ्या गोष्टींच्या साखळीवर उभ्या खटल्यात, खोटे स्पष्टीकरण साखळीतली जादा कडी ठरू शकते. मात्र शरद बिरदीचंद सारडा खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या 1984 च्या निकालानुसार मुळातली तुटकी साखळी त्याने जोडता येत नाही.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ असा शिक्का मारण्याच्या सवयीला आमचा ठाम विरोध आहे. घर तुमचेच, सही तुमचीच, तर ‘बरोबर आहे’ म्हणा. शवविच्छेदनात काय निघाले ते तुम्हाला कसे कळणार? तिथे ‘माहीत नाही’ म्हणा. आरोपाच्या गाभ्याला भिडणारी गोष्ट नाकारायची असेल, तर नेमकी तेवढीच नाकारा. तुमच्या वकिलाने उलटतपासात साक्षीदारांना जो बचाव सुचवला, त्याच्याशी उत्तर जुळलेच पाहिजे. घटनेच्या दिवशी परगावी होतो, हे पहिल्यांदा इथेच आणि तिकीट-पावतीशिवाय सांगितले तर कोण विश्वास ठेवणार? मुद्दे बरेच असतील तर लेखी निवेदन द्या. 351 मध्येच न्यायालयाला तशी मुभा देता येते. सही करण्यापूर्वी उतरवलेले उत्तर वाचून घ्या आणि चुकले असेल तर तिथेच दुरुस्त करून मागा.

शेवटी न्यायाधीश बहुधा विचारतात: ‘शपथेवर साक्ष देणार का?’ याचे उत्तर वकिलाशी बोलून आदल्या दिवशीच ठरवलेले असावे.