द्रव-असंतुलन (रुग्णपरिचर्या)

शरीरातील पाणी व क्षार यांचे प्रमाण बिघडणे म्हणजे द्रव-असंतुलन. प्रौढाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. ते घटले तर निर्जलीकरण होते. साठले तर सूज येते, धाप लागते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न नर्सिंग महाविद्यालयांत हा विषय शिकवला जातो. हात बसतो तो मात्र वॉर्डातच.

नाशिक जिल्ह्यात पाणी कमी पडण्याची कारणे ऋतूप्रमाणे बदलतात. एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी भर उन्हात चालते, तेव्हा घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. पावसाळ्यात दूषित पाण्याने जुलाब-उलट्या होतात. लहान मुलाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडावी. घडी दोन सेकंदांहून जास्त टिकली, तर निर्जलीकरण तीव्र समजावे. म्हाताऱ्या माणसांत ही खूण फसवते, कारण त्यांची कातडी मुळातच सैल असते. तिथे कोरडी जीभ, जलद नाडी, नव्याने आलेली असंबद्ध बडबड आणि लघवी पाहावी. प्रौढाला तासाला दर किलो वजनामागे ०.५ मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होत असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

जास्तीचे पाणी बसत्या माणसाच्या पायांवर दिसते, अंथरुणाला खिळलेल्याच्या माकडहाडाशी. तिथे हात लावून पाहणे अनेकदा राहून जाते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार असलेल्यांत सलाइनचा वेग फार जपावा लागतो. 'लवकर संपू दे' म्हणून नातेवाईक सलाइनच्या नळीवरचे, वेग ठरवणारे चाक सैल करतात, आणि तेवढ्यानेही फुप्फुसात पाणी साचू शकते. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे, तर २० थेंबांना एक मिलिलिटर देणाऱ्या सेटमधून मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडावेत. पोटॅशियम शिरेतून कधीही एकदम ढकलू नये. हृदय बंद पडू शकते.

इनटेक-आउटपुट तक्ता (रुग्णाच्या शरीरात किती द्रव गेला, किती बाहेर पडला याचा) नोंदींइतकाच खरा. घरून आलेला चहा, पेज, शहाळ्याचे पाणी त्यात क्वचितच उतरते. मूत्रपिंड निकामी असलेल्याला शहाळे पोटॅशियममुळे घातकही ठरते. म्हणून तक्त्यापेक्षा वजन भरवशाचे: रोज सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर. एका दिवसात किलोभर वाढ म्हणजे साधारण लिटरभर पाणी.

शुद्धीत असलेल्या, गिळू शकणाऱ्या रुग्णाला सौम्य निर्जलीकरणात ओआरएस पुरते. एक लिटरचे पाकीट पूर्ण लिटर पाण्यातच कालवावे. अर्धे पाकीट अंदाजाने ग्लासात टाकले की क्षारांचे प्रमाण बिघडते.