सरवा वेगळा, बवाजाची मूठ वेगळी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचकमिटीच्या बैठकीत एका विधवा आजींचं नाव निघालं. मंडळीच्या गरीब फंडातून त्यांना महिन्याला थोडे पैसे जातात. एकजण म्हणाले, "त्यांना आता निराधारचे पंधराशे चालू झालेत. आपलं बंद करू." त्यावर दुसरे उसळले, "आपल्या माणसाला सरकारच्या दारात उभं राहावं लागतं, हीच मंडळीची लाज आहे."

भांडण जुंपलं खरं, पण चूक दोघांची एकच होती. मंडळीची मदत आणि सरकारी अनुदान हे एकाच कणगीतलं धान्य आहे, एकीकडून आलं की दुसरीकडून कमी करायचं, असं दोघांनीही धरलं होतं. आणि पवित्र शास्त्रात तर या दोन गोष्टी एकाच शेतात, एकाच दिवशी, वेगवेगळ्या दाखवल्या आहेत.

रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढा. सातूची कापणी चालली आहे. मवाबी विधवा रूथ कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते आहे. सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात मागे राहिलेलं धान्य, हे शहरातल्या मुलांना आता सांगावं लागतं. भुईमूग काढून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला जो गेला आहे त्याला नको. तर हा सरवा शेताचा मालक बवाज याने तिला दिलेला नाही. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला ताकीद आहे: कडेकोपरे कापायचे नाहीत, पडलेली कणसं उचलायची नाहीत. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आणखी एक भर आहे: शेतात पेंढी विसरलात तर मागे फिरायचं नाही. ते उपऱ्याचं, पोरक्याचं, विधवेचं. मालक दिलदार असो की चिक्कू, सरवा त्यांचाच. रूथ तर जातीने परकी. तरी तिला वेचता येतं.

मग बवाज काय करतो? जेवणाच्या वेळी तिला जवळ बसवतो, हुरडा देतो. ती पोटभर खाते आणि सासूसाठी उरवते. नंतर तो गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून काही मुद्दाम ओढून टाका आणि तिला रागावू नका. हे कुठल्याच नियमात नव्हतं. संध्याकाळी तिने झोडपलं तेव्हा एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू निघाले. त्यातले नियमाचे किती आणि बवाजाच्या मुठीचे किती, हे तिची सासू नामी हिलाही सांगता आलं नसतं.

सरवा म्हणजे हुबेहूब सरकारी योजना, असं मी म्हणत नाही. तिथे तहसीलदार नव्हता, कर नव्हता. पण हक्क आणि दान यांतला फरक कळायला याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

निराधारचे पैसे हे सरव्यासारखे. पासष्टीच्या आत संजय गांधी निराधार योजना, पुढे श्रावणबाळ. लोक दोन्हींना निराधारच म्हणतात. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तलाठी, सेतू, तहसील, बँक अशा फेऱ्या होतात. तुम्ही ख्रिस्ती की कोण, चांगले की वाईट, हे कोणी विचारत नाही. अर्ज फेटाळला तर का फेटाळला, असं विचारता येतं. मंडळीच्या फंडाबाबत असं भांडता येत नाही, आणि तिथे प्रार्थनेला किती येता, मागच्या निवडणुकीत कोणाच्या बाजूला होतात, हे न बोलताही मोजलं जातं. (बोलूनही मोजलं गेल्याचं मी पाहिलं आहे.) हे आजचं नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं म्हणून कुरकुर झाली आणि सात जण नेमावे लागले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर विधवांची यादीच आहे: वय साठच्या वर हवं, आणि घरच्यांनी आधी सांभाळावं, म्हणजे मंडळीवर भार पडणार नाही. लाभार्थ्यांचे निकष मंत्रालयातच लिहिले जातात असं नाही.

मोठी आपत्ती आली की मात्र मंडळीचा फंड पुरत नाही. 1972च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांवर गेली. तेवढ्यांना काम देणं कुठल्या मिशनच्या आवाक्यात नव्हतं. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 1979पासून तो लागू झाला. तिच्या खर्चासाठी महाराष्ट्राने 1975 साली व्यवसाय कर बसवला. पगारपत्रकावर महिन्याला दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, तोच. "आम्ही कर भरतो, आणखी काय द्यायचं?" असं म्हणणाऱ्यांना मी ती ओळ दाखवतो. ते पैसे गेले, आणि चांगल्या कामासाठीच बसवलेला कर आहे तो. पण तुम्ही ते दिले नाहीत, तुमच्याकडून घेतले गेले. कडेचं पीक सोडलं म्हणून बवाजालाही कोणी उदार म्हटलं नसतं.

उलट बाजूला थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन फेकणारे असतात: काम न करणाऱ्याने खाऊ नये. वचनात "काम करायची इच्छा नाही" असं आहे. सत्तरीच्या आजीला ते लावणाऱ्याने एकदा तिचे गुडघे बघावेत.

आमच्या आजींची अडचण पैशांची कमी आणि अंगठ्याची जास्त. आयुष्यभर शेतात राबून बोटांच्या रेषा झिजल्या, यंत्रावर अंगठा लागत नाही. एका वर्षी हयातीचा दाखला वेळेत गेला नाही आणि अनुदान थांबलं. तीन महिने त्या काहीच बोलल्या नाहीत. दोन रविवार त्या उपासनेला दिसल्या नाहीत म्हणून पाळकबाई घरी गेल्या, तेव्हा कळलं. तहसीलच्या यादीला हे कळायची सोय नाही, आणि तिचा तो दोषही नाही. मी त्यांना म्हटलं, "आजी, आधी सांगायचं ना आम्हाला." त्या म्हणाल्या, "सरकारचं मागायला मला लाज नाय वाटत, ते माझं हाय. तुमच्या पाकिटाची वाटते."

बैठकीत मी हे सांगितलं. फंडातले पैसे चालू राहिले. शिवाय दर वर्षी दाखल्याच्या वेळी तरुण संघातल्या एकाने त्यांना रिक्षाने न्यायचं, अंगठा लागेपर्यंत तिथे थांबायचं आणि आणून सोडायचं, असं ठरलं. आजींना कळवायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, येताना रिक्षा गिरणीपाशी थांबेल का, दळण आणायचं असतं.