संगीताच्या सॉफ्टवेअरची कुळकथा

‘सुरुवात कुठल्या डीएडब्ल्यूने (संगणकावर संगीत रेकॉर्ड करण्याच्या, रचण्याच्या सॉफ्टवेअरने) करू?’ असं विचारणाऱ्याला सहसा नावांची यादी मिळते आणि यादीखाली भांडण. गंमत म्हणजे भांडणारे बहुतेक जण आपापल्या जागी बरोबर असतात. आज ही सॉफ्टवेअर जवळपास तीच कामं करतात, पण ती एकाच गरजेतून जन्मलेली नाहीत. कुणी टेपरेकॉर्डरची जागा घ्यायला आलं, कुणी ड्रम मशीनची, तर कुणी थेट मंचावर वाजवण्यासाठी. पहिल्यांदा उघडल्यावर जो पडदा समोर येतो, त्यात ते मूळ अजून ओळखता येतं.

संगणकाकडून आवाज काढून घेण्याचा खटाटोप जुनाच. १९५७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएमच्या अवाढव्य यंत्रावर १७ सेकंदांचा तुकडा वाजवून दाखवला होता. पण सामान्य वादकाच्या दृष्टीने खरी सुरुवात १९८३ ची. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडले गेले आणि एकावर दाबलेली पट्टी दुसऱ्यावर वाजली. वाद्यांना आणि संगणकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरवलेली ही पद्धत म्हणजे मिडी. या केबलमधून आवाज जात नाही. कुठला सूर, किती जोरात, कधी सुरू आणि कधी बंद, एवढीच माहिती जाते. ती इतकी हलकी की त्या काळचे दुबळे घरगुती संगणकही सहज पेलू शकत. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या घरगुती संगणकाला तर मिडीची तोंडं कारखान्यातूनच बसवलेली होती.

त्या अटारीवर जर्मनीत दोन कुळं वाढली. एक हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गचं: १९८९ चं क्युबेस. डावीकडे ट्रॅकची उतरंड, वर काळाची पट्टी, आणि मधे माउसने इकडून तिकडे सरकवता येणारे रंगीत तुकडे ही मांडणी त्याने रुजवली. आज जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती दिसते. दुसरं सी-लॅबचं. त्यांच्या नोटेटरमध्ये स्वरलेखनावर भर होता आणि त्यातूनच पुढे इमॅजिक कंपनीचं लॉजिक आलं. या दोघांत आजही मिडीचं संपादन मुरलेलं वाटतं, कारण त्यांचा जन्मच त्यासाठी झाला. रेकॉर्डिंग नंतर जोडलं गेलं.

अमेरिकेत डिजिडिझाइनने उलट्या टोकाने सुरुवात केली. त्यांना टेप हटवायची होती. १९८९ मध्ये दोन ट्रॅकचं साउंड टूल्स आलं आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स: चार ट्रॅक, किंमत सुमारे ६,००० डॉलर. तेव्हाच्या संगणकाला एवढं ध्वनिकाम झेपत नसे, म्हणून स्वतंत्र कार्डं बसवावी लागत. एका खिडकीत टेपसारखा पसरलेला आवाज आणि दुसरीत मिक्सर, ही रचना स्टुडिओतल्या तंत्रज्ञाला लगेच ओळखीची वाटली. पुढे मोठ्या स्टुडिओंची भाषाच प्रो टूल्स झाली. पण २०१० मध्ये नववी आवृत्ती येईपर्यंत ते ठरावीक कंपन्यांच्या हार्डवेअरशिवाय चालत नसे. ‘व्यावसायिक लोक हेच वापरतात’ हा सल्ला त्या काळातून आलेला आहे, आणि ज्याला घरी बसून बीट बनवायचे आहेत त्याच्या तो फारसा कामाचा नाही, असं माझं मत आहे.

बीटवाल्यांचं कुळ वेगळंच. १९९७ च्या अखेरीस बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीतून दिदिए दाम्ब्राँ यांनी फ्रूटीलूप्स बाहेर काढलं. सुरुवातीला ते केवळ मिडी ड्रम मशीन होतं: चौकोनांची रांग, दाबलेला चौकोन वाजतो. अनुभवी मंडळींनी खेळणं म्हणून नाक मुरडलं. संगीताचं लेखन न शिकलेल्या पोरांनी मात्र त्याच चौकोनांवर अख्खी गाणी उभी केली. २००३ मध्ये नाव एफएल स्टुडिओ झालं, पण चौकोन गेले नाहीत. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या कायम मोफत, हे धोरणही टिकून आहे.

बर्लिनच्या एबलटन लाइव्हचं मूळ त्याच्या नावातच आहे. गेरहार्ड बेलेस आणि रॉबर्ट हेंके हे दोघं मोनोलेक नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करत, आणि मंचावर वापरायला तयार साधन नव्हतं. २००१ च्या पहिल्या आवृत्तीत म्हणून काळाच्या पट्टीला पर्याय देणारं जाळं होतं: प्रत्येक खण एक तुकडा, हवा तेव्हा सुरू करा, ताल आपोआप जुळतो. मिडी तर त्यात २००४ च्या चौथ्या आवृत्तीत आला! गाणं कुठे जाणार हे आधी माहीत नसताना चाचपडत बसणाऱ्याला हे जाळं फार मानवतं. ज्याच्या डोक्यात मुखडा-अंतरा तयार असतो, तो त्यात गोंधळतो.

या सगळ्यांना जवळ आणलं ते १९९६ च्या व्हीएसटीने, म्हणजे प्लगिनच्या (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरच्या) ठरावीक आराखड्याने. स्टाइनबर्गने तो इतरांसाठीही खुला केला. सुरुवात इफेक्टपासून, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या किंवा बदलणाऱ्या साधनांपासून झाली, १९९९ पासून वाद्यंही सॉफ्टवेअरमध्येच येऊ लागली. त्यामुळे आवाजाच्या दर्जावरून सॉफ्टवेअर निवडण्यात फार अर्थ उरला नाही. तेच प्लगिन बहुतेक ठिकाणी चालतं. अपवाद मात्र लक्षात ठेवावेत: प्लगिनचा प्रकार लॉजिकला ऑडिओ युनिट लागतो, प्रो टूल्सला एएएक्स.

सॉफ्टवेअरइतकाच मालकही महत्त्वाचा, हे लोकांना उशिरा कळलं. २००२ मध्ये ॲपलने इमॅजिक घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. २००४ मध्ये त्याच ॲपलने गॅरेजबँड आणून नव्या मॅकबरोबर फुकट दिलं. मॅकवाल्या नवशिक्याचा पहिला प्रश्न तिथेच सुटतो. विंडोजवर उलटी गंमत झाली. डॉसच्या जमान्यापासून चालत आलेलं केकवॉक २०१७ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने वाऱ्यावर सोडलं, आणि पुढच्याच वर्षी बँडलॅब कंपनीने ते विकत घेऊन मोफत वाटलं. संगणकावर गाणी ऐकण्याचं विनॅम्प लिहिणारे जस्टिन फ्रँकेल यांनी २००६ मध्ये रीपरची पहिली आवृत्ती आणली: काहीही न कापलेलं पूर्ण सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघा, मग पैसे द्या. ऑडॅसिटी २००० पासून मोफत आहे, पण ती मुळात आवाज कापण्या-जोडण्याची. तिच्यात गाणं रचायला बसणारा लवकरच वैतागतो.

एका सॉफ्टवेअरचा प्रकल्प दुसऱ्यात उघडत नाही, ही अडचण मात्र अजून पुरती गेलेली नाही. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या संगीत-सॉफ्टवेअर कंपन्यांनी त्यासाठी डीएडब्ल्यूप्रोजेक्ट हा खुला फाइल-प्रकार जाहीर केला. दोन्हीकडची सॉफ्टवेअर तो वाचत असतील तर ठीक, नाहीतर जुनीच वाट: प्रत्येक ट्रॅक पहिल्या ठोक्यापासून स्वतंत्र वेव्ह (आवाजाची साधी) फाइल म्हणून काढायचा आणि नव्या ठिकाणी रांगेत मांडायचा. आवाज जसाच्या तसा येतो, पण त्यातले सूर नंतर मिडीसारखे बदलता येत नाहीत.