‘रेकारो’ म्हणजे नेमकी कोणती? जुन्या पोर्शे ९११ च्या सीट्समागचा घोळ

१९६४ ते १९७३ या काळातल्या पोर्शे ९११ साठी जुनी सीट शोधायला निघालं की एकाच नावाखाली निदान चार वेगवेगळ्या सीट्स समोर येतात. विकणारा खोटं बोलत असतो असं नाही. चारही सीट्स ‘रेकारो’च असतात. किमतीत मात्र त्यांची एकमेकींशी तुलनाच होत नाही.

याचं मूळ १९६३-६४ मधल्या एका व्यवहारात आहे. स्टुटगार्टमधला रॉयटर हा कारखाना १९०६ मध्ये एका खोगीर बनवणाऱ्या कारागिरानं काढला होता. ९११ च्या आधीच्या पोर्शे ३५६ च्या बॉडी तिथे बनत आणि सीट्सही त्याच छपराखाली. पुढे पोर्शेनं बॉडीचा कारखाना विकत घेतला. सीट्सचं काम जुन्या मालकांकडेच राहिलं आणि ‘रॉयटर’ व ‘कारोसेरी’ या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांतून ‘रेकारो’ हे नाव तयार झालं. तोवर सीट हा गाडीचाच एक भाग होता. या वाटणीनंतर ती स्वतंत्रपणे विकायची वस्तू झाली. १९६५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात रेकारोची स्पोर्ट सीट आली ती कुठल्याही गाडीत बसवण्यासाठीच. आजचा घोळ समजून घ्यायचा तर हाच निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आता त्या चार सीट्स. पहिली, ९११ ची रोजची सीट, जी रेकारो पोर्शेला पुरवत असे. ९१२ या ९११ च्याच स्वस्त भावंडातही आतली मांडणी तीच, म्हणून ९१२ च्या मोडीत निघालेल्या गाडीतून निघालेली जोडी ९११ ला चालते. दुसरी, कारखान्यातूनच जादा पैसे भरून घेतलेली स्पोर्ट सीट. हिच्या बाजूच्या उशा उंच. तिसरी, जवळपास तशीच दिसणारी पण दुकानातून घेतलेली, जी बीएमडब्ल्यू, ओपेल, फोक्सवॅगन अशा कुठल्याही गाडीत गेली असेल. चौथी, १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ च्या हलक्या आवृत्तीतली पातळ कवचाची बकेट सीट, म्हणजे अंगाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी सीट. आरएस एकूण १५८० बनल्या. त्यांतल्या एम४७१ या हलक्या आवृत्तीच्या फक्त २००. रस्त्यावरच्या वापरासाठीच्या एम४७२ आवृत्तीत ही सीट नव्हती. ‘आरएसची सीट’ असं नुसतं म्हटलं तर काहीच ठरत नाही ते यामुळे.

यात शील हे जर्मन नाव आणखी भर घालतं. १९६७ च्या ९११ आर मध्ये आणि बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल मध्ये शीलच्या बकेट सीट्स होत्या. कापड बदललेलं असलं की लांबून त्या रेकारो समजल्या जातात. फायबरचं कवच आणि पोलादी सांगाडा यांतला फरक कळायला खिशातलं लोहचुंबक पुरतं.

दुसरी आणि तिसरी सीट वेगळी कशी ओळखायची? वरून नाही. सीट उलटी करायची आणि खालचे रूळ पाहायचे. कवच सारखं असलं तरी पाय वेगळे असतात. बोल्टच्या भोकांची मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं, पुढून-मागे आणि आडवी, मिलिमीटरमध्ये मोजून आपल्या गाडीच्या तळाशी ताडायची. दहा-बारा मिलिमीटरचा फरक निघाला की पुष्कळजण भोक लांबट कापून सीट बसवतात. मग ब्रेक लावताना सीट हलते, आणि पुढच्या ग्राहकाला कापलेल्या भोकावरून कळतं की रूळ या गाडीचे नव्हतेच. पाठ कलवायचा खटका कोणत्या बाजूला आहे तेही पाहावं. दोन्ही सीट्सचा खटका एकाच बाजूला असेल तर जोडी मूळची नाही, दोन वेगळ्या सीट्स एकत्र आणून जुळवलेली आहे.

त्यानंतर पाठीमागच्या आवरणाची खालची कड, तारेच्या तीन-चार कड्या सोडवून, वीतभर उचलायची. त्याहून जास्त नको. आत रबराच्या चिकानं बांधलेले केस दिसले, काथ्याच्या गादीसारखे तपकिरी आणि बोटानं चोळल्यावर भुगा होणारे, तर भरण जुनं आहे. एकसंध, पिवळा न पडलेला फोम नवा असतो. जुन्या पत्र्याच्या जोडांवर बहुतेक ठिकाणी स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे ओळीनं दिसतात. आजच्या नकलेत वेल्डिंगची सलग, उठावदार रेघ असते. पेपिटा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या दातेरी चौकटींचं कापड, विणलेलं असेल तर नक्षी उलट्या बाजूलाही दिसते. छापलेलं असेल तर उलटी बाजू कोरी.

कागदी लेबल सापडलं तर त्यावर पाणी किंवा वाफ अजिबात नको, शाई जाते. आधी फोटो, मग बाकीचं काम.

हेडरेस्टवरून काळाचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना पुढच्या सीट्सवर हेडरेस्ट सक्तीचे झाले, आणि १९७४ च्या मॉडेलपासून ९११ ला पाठीतच जोडलेलं हेडरेस्ट असलेली नवी उंच सीट आली. ही उंच सीट १९७० च्या गाडीत दिसली तर ती नंतर बसवलेली आहे, एवढं नक्की.

खरा वाद तिसऱ्या सीटवर आहे. १९६८ मध्ये मालकानं दुकानातून घेऊन बसवलेली रेकारो ‘अस्सल’ धरायची का? एक बाजू म्हणते, गाडीच्या कारखान्यातल्या नोंदीत स्पोर्ट सीट नसेल तर नाही. दुसरी म्हणते, त्या काळात त्याच गाडीत बसलेली सीट गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे. दुसरी बाजू जास्त पटणारी आहे, पण पुरावा असेल तरच: जुना फोटो, पावती, किंवा तळाच्या पत्र्यावर त्याच रुळांचे जुने, गंजलेले ठसे. आज शोधून आणलेली त्याच सालची सीट ‘त्या काळातली’ म्हणता येईल, ‘या गाडीतली’ नाही. विक्रीच्या मजकुरात हे दोन शब्द सर्रास एक केले जातात आणि किंमत दुसऱ्याची लावली जाते.

आरएसच्या पातळ सीट्सच्या नकला आता इतक्या चांगल्या बनतात की नवं आवरण चढवलेल्या सीटवर बाहेरून निकाल देऊच नये. म्हणून जुनं आवरण फाटकं असलं तरी काढून टाकायचं नाही. भरणाच्या तुकड्यासह पिशवीत बांधून गाडीच्या कागदांबरोबर ठेवायचं. सीट रोज वापरायची असेल तर बिजागरीच्या मुळाशी रंग खरवडून तडे तपासायचे, कारण ओल साचून सांगाडा बहुधा तिथूनच गंजतो आणि सगळा भारही तिथेच येतो.