सोपाऱ्याची पेटी

नालासोपाऱ्याला पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडायचं आणि रिक्षावाल्याला नुसतं 'स्तूप' म्हणायचं. आता पुरतं तेवढं. इमारतींची गर्दी हळूहळू मागे पडते, वाड्या आणि नारळ दिसू लागतात आणि रिक्षा एका कुंपणापाशी थांबते. आत सांचीसारखा घुमट असेल अशा कल्पनेने आलेला माणूस इथे हमखास हिरमुसतो. झाडांच्या सावलीत विटांचा बसका उंचवटा आहे आणि आजूबाजूला चौथऱ्यांचे अवशेष. मी गेलो तेव्हा विटांवर मेणाचे ओघळ वाळले होते आणि कुणीतरी वाहिलेली झेंडूची फुलं सुकून तपकिरी झाली होती. बरोबरच्या मुलाने विचारलं, "एवढंच?"

एवढंच नाही. पण बाकीचं इथे नाही, ते मुंबईत फोर्टात आहे. सोपाऱ्याला जाणाऱ्याने ही गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी, म्हणजे हिरमोड होत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी या जागेला कुणी स्तूप म्हणत नसे. मर्देस गावाजवळचं हे टेकाड 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखलं जाई. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारे. त्यांचा कुणी राजा होता आणि हा त्याचा किल्ला, अशी समजूत होती. विटांच्या एवढ्या मोठ्या ढिगाला काहीतरी नाव हवं म्हणून लोकांनी ते दिलं असावं.

1882 च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणलं. भगवानलाल मूळचे जुनागढचे, 1839 मधला जन्म. गिरनारच्या वाटेवर अशोकाच्या चौदा लेखांचा प्रचंड शिलाखंड आहे. त्याच्या सावलीत वाढलेल्या या मुलाने ब्राह्मी लिपी जवळजवळ स्वतःच्या बळावर आत्मसात केली. पुढे मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि भगवानलाल देशभर फिरून लेण्यांतले लेख उतरवू लागले. इंग्रजी शिक्षणाचा शिक्का नसलेला हा माणूस त्या काळातल्या भल्याभल्या साहेबांना लेख वाचून दाखवत असे.

टेकाडाच्या मध्यभागी पोहोचल्यावर विटांनी बांधलेली एक कोठडी लागली. कोठडीत गोलाकार दगडी पेटी होती. झाकण काढल्यावर मधोमध तांब्याचा करंडक दिसला आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ छोट्या कांस्यमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा करंडक होता. सोबत सोन्याची ढीगभर नाजूक फुलं. सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात काय असावं? मातीच्या भांड्याचे 13 बारीक तुकडे.

खापऱ्या. तांबं, चांदी, स्फटिक, सोनं असा चढत गेलेला थाट आणि गाभ्यात कुंभाराची माती.

हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले जातात. बौद्ध परंपरेत पूज्य अवशेषांना धातू म्हणतात आणि पूजास्थानांचे तीन प्रकार सांगतात: शारीरिक, म्हणजे अस्थी, दात, केस यांचे, पारिभोगिक, म्हणजे बुद्धाने वापरलेल्या वस्तूंचे, जसं पात्र, चीवर (भिक्षूचं वस्त्र) किंवा बोधिवृक्ष, आणि उद्देशिक, म्हणजे त्याच्या आठवणीसाठी केलेल्या मूर्ती वगैरे. सोपाऱ्याचं स्थान या हिशेबाने पारिभोगिक. पात्र खरोखर त्याचंच कशावरून, असं कुणी विचारेलच. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला चिनी भिक्षू फाहियान याने बुद्धाचं पात्र अखंड स्थितीत पुरुषपूरला, म्हणजे आजच्या पेशावरला, पूजेत असल्याचं लिहून ठेवलं आहे. दोन्ही दावे एकाच वेळी खरे असणं अवघड. माझ्या मते हा वाद घालत बसण्यात फारसा अर्थ नाही. ज्यांनी एवढ्या मायेने एकात एक करंडक बसवले त्यांची श्रद्धा मात्र पुराव्यानिशी समोर आहे.

आता त्या आठ मूर्ती. सात मानुषी बुद्ध, म्हणजे विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि शाक्यमुनी, शिवाय पुढे येणार असलेला मैत्रेय. झालेले सगळे आणि व्हायचा एक, असे करंडकाभोवती मांडलेले. शैलीवरून अभ्यासक या मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. पण याच उत्खननात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही मिळालं आणि ते दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातलं. म्हणजे धातू ठेवले गेले सातवाहनांच्या सुमारास आणि नंतर सहा-सातशे वर्षांनी कुणीतरी पेटी उघडून, मूर्ती मांडून, पुन्हा बंद केली असावी. कोण होते ते? नाव कुठेच कोरलेलं नाही. पण तेव्हा कोकणात राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार राज्य करत होते आणि कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षू राहत होते. अमोघवर्ष या राष्ट्रकूट राजाच्या काळातले दानलेख तिथे आहेत. सोपाऱ्याचा जीर्णोद्धार त्याच वातावरणातला.

पेटी उघडण्यात पाप नव्हतं का? परंपरेचंच ऐकायचं तर उलट आहे. बुद्धाच्या अस्थींचे आठ वाटे झाले, आठ स्तूप उभे राहिले. अशोकाने त्यातले सात उघडले, धातू काढून घेतले आणि 84,000 स्तूपांत वाटले, अशी कथा आहे. आठवा, रामग्रामचा, नागांनी उघडू दिला नाही. धातू हलतात, वाटले जातात, पुन्हा पुरले जातात. त्या मानाने भगवानलालांनी उघडलेली पेटी ही फार तर पुढची पायरी. फरक एवढाच की या वेळी ती परत पुरली गेली नाही.

पण मुळात सोपाऱ्यालाच का? उत्तर बंदरात आहे. शूर्पारक, सोपारक, सुप्पारक अशा नावांनी हे गाव जुन्या साहित्यात सतत भेटतं. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात ते 'सुप्पारा' म्हणून येतं, भडोच आणि कल्याणच्या मधलं. महावंस या श्रीलंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथात तर सिंहली लोकांचा आद्यपुरुष विजय लंकेला जाण्याआधी सुप्पारकालाच उतरतो. त्याच्या साथीदारांच्या दांडगाईमुळे गावात टिकाव लागत नाही आणि मंडळी पुढे निघतात. पाहुण्यांना कंटाळलेल्या सोपारकरांची ही बहुधा सर्वांत जुनी नोंद.

पूर्णाची कथा मात्र सावकाश सांगण्याजोगी आहे. दिव्यावदान या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात ती येते. पूर्ण हा शूर्पारकातल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. भावांनी वाटणीत डावललं, पण चंदनाच्या व्यापारात त्याने नशीब काढलं. सहा वेळा समुद्र ओलांडून सुखरूप परतला, म्हणून श्रावस्तीचे व्यापारी त्याला सातव्या सफरीला गळ घालून घेऊन गेले. जहाजावर पहाटे ते काहीतरी म्हणत. पूर्णाला वाटलं, छान गाणी आहेत. ते म्हणाले, ही गाणी नव्हेत, बुद्धवचन आहे. बुद्ध हा शब्द त्याने तिथे पहिल्यांदा ऐकला, भर समुद्रात आणि तोही गिऱ्हाइकांकडून. पुढे तो भिक्षू झाला. श्रोणापरांतात, म्हणजे पश्चिमेकडच्या मुलखात, जायला निघाला तेव्हा बुद्धाने विचारलं, तिथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाला, मारत तरी नाहीत, भले आहेत, असं मानेन. आणि मारलं तर? शस्त्र चालवत नाहीत, असं मानेन. कथेच्या शेवटी सोपाऱ्यात चंदनाचा विहार उभा राहतो आणि बुद्ध पाचशे भिक्षूंसह आकाशमार्गाने तिथे येतो. बुद्ध ऐतिहासिकदृष्ट्या कोकणात आला होता, याला आधार नाही. पण बंदरातल्या पैशाने विहार उभे राहिले आणि धर्म गलबतांतून फिरला, हे या कथेत लख्ख दिसतं.

शिलालेखही तेच सांगतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर सोपाऱ्याहून आलेल्या सतिमित नावाच्या धर्मप्रवक्त्याचा लेख आहे: हा खांब 'सशरीर', म्हणजे धातूंसह, दान दिलेला. सोपाऱ्याचा माणूस घाट चढून गेला आणि तिथल्या दगडातही धातू ठेवून आला. नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखात तर प्रवाशांची सोय नोंदली आहे. नहपान क्षत्रपाच्या या जावयाने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या गावी धर्मशाळा बांधल्या. त्याच लेखात सोपाऱ्याच्या रामतीर्थाचंही नाव आहे. तिथल्या व आणखी काही ठिकाणच्या चरकांच्या, म्हणजे फिरत्या संन्याशांच्या, संघांना त्याने नानंगोल गावातली 32,000 नारळाची झाडं दिली. म्हणजे एकाच गावात बौद्धांचा स्तूप आणि ब्राह्मणी तीर्थ, आणि दोन्हीकडची वर्दळ. चक्रेश्वराच्या तळ्याकाठी आजही जुन्या मूर्ती उभ्या आहेत. स्तूपाला गेलात तर त्याही बघून या.

खाड्या गाळाने भरत गेल्या, व्यापार ठाणे-चौलकडे सरकला. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली. तोवर सोपाऱ्याचं नाव मोठं आणि बंदर लहान झालं होतं.

भगवानलालांना त्याच 1882 मध्ये भाटेला तलावाजवळ आणखी एक वस्तू मिळाली: कोरलेल्या दगडाचा तुकडा. जुनागढच्या माणसाला अक्षरं अनोळखी नव्हती. गिरनारच्या शिळेवरचाच मजकूर हा, अशोकाच्या आठव्या लेखाचा. अख्खा लेख नाही, ओळींचे अवशेषच आहेत; मधल्या जागा इतर ठिकाणच्या पाठांवरून भराव्या लागतात. लेखाचा विषय असा: पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि मौजमजेला. देवांना प्रिय असलेला हा राजा अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्यात ब्राह्मण-श्रमणांची भेट, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणं. पर्यटन आणि यात्रा यांतला फरक सांगणारा आपल्याकडचा हा सर्वांत जुना लेख असावा, आणि तो सापडावा सोपाऱ्यात!

नवव्या लेखाचा तुकडा जवळच्याच भुईगावात 1956 मध्ये मिळाला. आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांतून फारसं फळ मिळत नाही, खरं मंगल धर्माचरणात आहे, असं त्यात अशोक सांगतो. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्याआधी सोपाऱ्याला येत ते अभ्यासक आणि पुरातत्त्व खात्याची माणसं. त्यानंतर पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, लहान मुलं, पंचशील ध्वज घेतलेले तरुण येऊ लागले. बुद्धपौर्णिमेला इथे रांगेने वंदना होते. ढिगाऱ्याला स्तूप हे नाव भगवानलालांनी परत मिळवून दिलं, त्याची यात्रा या लोकांनी केली.

त्या दिवशी एक आजी प्रदक्षिणा घालून माझ्याजवळ येऊन टेकल्या. "पात्र कुठंय रे?" म्हणाल्या. मी सांगितलं: दगडी पेटी, करंडक, मूर्ती आणि त्या खापऱ्या सरकारने तेव्हाच एशियाटिक सोसायटीला दिल्या, टाउन हॉलच्या उंच पायऱ्यांच्या इमारतीत. आणि अशोकाचा दगड छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. चर्चगेटला उतरायचं, दोन्ही जागांमध्ये चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. आजींनी सगळं ऐकून घेतलं, विटांकडे पाहिलं आणि नातवाला म्हणाल्या, "रविवारी चालू असतं का विचार."