वाईनचा वास नेमका कुठे हरवतो?

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या काठी किंवा दिंडोरीकडे वाईन चाखायला गेलेल्या मंडळींत एक शेरा हमखास ऐकू येतो : "या बाटलीला वासच नाही, द्राक्षंच कच्ची असणार." कधी ते खरंही असतं. पण बुचामुळे बिघडलेल्या बाटलीत सुवासाचे रेणू पेल्यात जागच्या जागी असतात. अडवणूक होते ती आपल्या नाकातल्या पेशीत.

शाळेत ग्राही (पेशीवरचं, रेणू ओळखणारं प्रथिन) आणि रेणू यांची जोडी कुलूप-किल्लीसारखी शिकवतात. वासाच्या बाबतीत ती अपुरी पडते. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये घ्राणग्राहींच्या जनुकांचा मोठा परिवार शोधला आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे चालू स्थितीतले ग्राही सुमारे ४०० आहेत. एकच संयुग अनेक ग्राहींना कमी-अधिक जागं करतं आणि एका ग्राहीला अनेक संयुगं चालतात. प्रत्येक घ्राणपेशी मात्र साधारणपणे एकाच जातीचा ग्राही बाळगते. कोणत्या पेशी किती जोरात बोलल्या, यावरून मेंदू वास ओळखतो.

आता खरी गंमत. सोविन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनमधला ढोबळी मिरचीसारखा वास देणारा पायराझिन रेणू नाकाच्या वरच्या भागातल्या श्लेष्म्यात विरघळतो आणि पेशीच्या सिलियांवरच्या (केसासारख्या बारीक तंतूंवरच्या) ग्राहीला चिकटतो. ग्राहीचा आकार किंचित बदलतो, आतल्या बाजूला टेकलेलं जी-ऑल्फ हे जी-प्रथिन सुटं होतं आणि अ‍ॅडेनिलिल सायक्लेज-३ या विकराला (एन्झाइमला) चालना देतं. हे विकर पेशीतल्या एटीपीपासून चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू बनवतं. चक्रीय एएमपी सिलियाच्या पटलातल्या आयन-वाहिनीला आतून चिकटतं, वाहिनी उघडते, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतात.

डोळ्यातल्या पेशीत एक ग्राही अनेक जी-प्रथिनं जागी करतो, म्हणून नाकातही तसंच होत असेल असं बरीच वर्षं धरलं जात होतं. बेडकाच्या पेशींवरच्या मोजणीतून वेगळं दिसलं : वासाचा रेणू ग्राहीवर क्षणभरही धड टिकत नाही आणि बहुतेक वेळा एखादंही जी-प्रथिन सुटत नाही. मग एवढासा इशारा मोठा होतो कसा? आत आलेलं कॅल्शियम क्लोराइडची दुसरी वाहिनी उघडतं. शरीरातल्या बहुतेक प्रौढ चेतापेशींत क्लोराइड बाहेर जास्त आणि आत कमी असतं, त्यामुळे ते आत येतं आणि पेशीला शांत करतं. घ्राणपेशी उलट वागते. ती एका वाहक प्रथिनाच्या मदतीने क्लोराइड सतत आत भरून ठेवते, सुमारे ५० ते ७० मिलिमोलर इतकं. वाहिनी उघडताच हे ऋणभारित क्लोराइड बाहेर धावतं, पेशीचा आतला भाग अधिक धन होतो आणि संकेत मेंदूकडे निघतो. उंदरांत प्रवाहाचा मोठा वाटा या क्लोराइडचाच असतो. तरीही ही वाहिनी जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या उंदरांना वास ओळखता आला, म्हणजे पहिली, चक्रीय एएमपीची वाहिनी हाच कणा आहे. आत आलेलं कॅल्शियमच कॅल्मोड्युलिन या प्रथिनाच्या मदतीने ती वाहिनी पुन्हा आवळतं. सतत असलेला वास काही वेळाने जाणवेनासा होतो त्यामागे हेही एक कारण आहे.

हा सगळा कारभार एका पेशीपुरता आहे, त्याने रक्तात काही वाढत नाही. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या पोटल्या हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो असे संदेश घराघरांत फिरले. निलगिरीने नाकात थंड वाटतं, कारण त्यातलं संयुग थंडी जाणवणाऱ्या वेगळ्या चेतातंतूंना उद्दीपित करतं. नाक मोकळं झाल्याचा भास होतो. ऑक्सिजनची पातळी तिथल्या तिथेच राहते आणि श्वास लागलेल्या माणसाचा उपचाराचा वेळ मात्र जातो.

वाईनचा गुन्हेगार आहे २,४,६-ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल, थोडक्यात टीसीए. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास त्याचाच. २०१३ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी न्यूट या उभयचराच्या घ्राणपेशींवर दाखवलं, की टीसीए चक्रीय एएमपीच्या वाहिन्याच दाबून टाकतो, आणि तेही अ‍ॅटोमोलर पातळीवर. एक अ‍ॅटोमोलर म्हणजे लिटरभर द्रवात सुमारे सहा लाख रेणू. टीसीए बहुधा पटलाच्या मेदात शिरून हे काम करतो. ग्राही, जी-प्रथिन, विकर सगळं ठीक चालू असतं, फक्त पुढची वाट बंद. म्हणून कुबटपणा जाणवायच्या आधीच फळांचा सुवास फिका पडतो.

संयुग ग्राहीला जागं करतं का, हे तपासायची नेहमीची पद्धत इथे चकवते. तिच्यात एचईके-२९३टी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये ग्राहीचं जनुक, त्याला पटलापर्यंत नेणारं आरटीपी१एस हे प्रथिन आणि चक्रीय एएमपी वाढलं की चमकणारं ल्युसिफरेज घालतात. दुसऱ्या दिवशी संयुग देऊन सुमारे चार तासांनी प्रकाश मोजतात. आरटीपी१एस विसरलं तर बहुतेक ग्राही पेशीच्या आतच अडकतात. संयुग उडून चाचणीच्या ताटलीतल्या शेजारच्या खाचेत गेलं तर तिथेही खोटा प्रतिसाद येतो. मात्रा जास्त झाली तर पेशीच मरतात. म्हणून ग्राहीविना पेशींची एक रांग आणि चक्रीय एएमपी थेट वाढवणाऱ्या फोर्स्कोलिनची दुसरी रांग हवीच. पण ही चाचणी चक्रीय एएमपीपाशी थांबते. त्यापुढच्या वाहिनीवर टीसीएने घातलेला घाला तिला दिसूच शकत नाही. त्यासाठी सूक्ष्म काचनळीने एकेका पेशीतला विद्युतप्रवाह मोजावा लागतो.

टीसीए तयार करतात बुरशा, क्लोरोफिनॉलपासून. लाकूड, बूच, पुठ्ठा यांच्यावर क्लोरीनयुक्त ब्लीच मारलं, की हा कच्चा माल आयता मिळतो. नाशिकच्या पावसाळ्यात तळघरात ओल धरतेच, तेव्हा तिथे ब्लीच नको. पेरासेटिक आम्ल किंवा गरम पाणी वापरावं आणि पुठ्ठ्याची खोकी बाहेर ठेवावीत. फिरकीच्या झाकणाने बुचाचा धोका टळतो, तळघरातला टळत नाही.

चाखताना निर्णय पहिल्या हुंगण्यावर घ्यावा, नाक लवकर सरावतं. वाईन गरम करून किंवा हलवून टीसीए जात नाही. पॉलिथिनचा तुकडा बुडवला तर तो बराचसा शोषून घेतो, पण सोबत चांगला सुवासही घेतो. शंका असेल तर त्याच वाईनची दुसरी बाटली उघडून शेजारी शेजारी तुलना करावी.